चालू ठेव

"काका, गाणं संपलं," जयसिंग म्हणाला, आणि वर्गातली पोरं हसली. मीही हसलो. हसण्यासारखंच होतं ते. साठी गाठलेला एक गृहस्थ, मांडीवर गिटार, नाकावर घसरलेला चष्मा, आणि सगळ्यांचे हात थांबले तरी ह्याचा आपला खाली-वर, खाली-वर चालूच. बँडवाले निघून गेले तरी वरातीत नाचत राहणारा एखादा मामा असतो ना, तसा. पण हसता हसता माझं लक्ष हाताकडे गेलं आणि हसू जागच्या जागी राहिलं. गाणं संपलंय हे मी ऐकलं होतं, मला ते कळलंही होतं, आणि हात अजून हलत होता. तारांना लागत नव्हता, आवाज येत नव्हता. नुसतं मनगट खाली जात होतं, वर येत होतं. शेवटी डावा हात गिटारीवरून काढून मी उजव्याचं मनगट धरलं, तेव्हा ते थांबलं. हे कुणी पाहिलं नाही. पोरं आपापल्या गिटारी पिशव्यांत भरत होती, खाली गाड्या कुठे लावल्यात त्यावरून भांडत होती. जिना उतरून खाली आल्यावर मला कळलं की पाण्याची बाटली वरच राहिली. ती आणायला मी परत गेलो नाही.

हा वर्ग सदाशिव पेठेत एका पिठाच्या गिरणीच्या वरच्या मजल्यावर भरतो. मला तिथं हेमानं धाडलं. निवृत्त झाल्यावर मी सकाळी पेपर घेऊन बसायचो आणि त्यातल्या शुद्धलेखनाच्या चुकांवर लाल पेनानं खुणा करायचो. हेमानं हे काही आठवडे सोसलं. मग एके दिवशी म्हणाली, "लोकांच्या चुका पुरे झाल्या. आता काहीतरी शीक, म्हणजे स्वतःच्या काढता येतील." बायको खरं बोलते तेव्हा वाद घालू नये. शिकवणारा जयसिंग हिंजवडीचा. त्याच्या आजोबांच्या, गेनबांच्या, उसाच्या रानात आता एक काचेची इमारत उभी आहे, आणि त्या इमारतीच्या चौथ्या मजल्यावर मी निवृत्त होईपर्यंत नोकरी केली. हे कळलं तेव्हा जयसिंग खूश झाला. "म्हंजे काका, तुम्ही आमच्याच रानात होता की," म्हणाला. तेव्हापासून तो मला जरा घरच्यासारखं वागवतो. इतरांना तो ओरडतो, मला समजावतो. त्याचं समजावणं एकाच गोष्टीबद्दल असतं. "उजवा हात म्हंजे घरातला कर्ता माणूस. डाव्याचं चुकू दे, बोटं अडकू दे, कॉर्ड लागू दे नायतर न लागू दे, उजव्यानं थांबायचं नाय. तारेला लागायचा नसंल तिथंबी हात खाली यायलाच पायजे. रिकामा आला तरी चालंल, पण आला पायजे." शिकाऊ माणसाचा रोग हाच असतो. एका कॉर्डवरून दुसऱ्या कॉर्डवर जाताना डाव्या हाताची बोटं चाचपडतात आणि त्यांच्यासाठी उजवा हात थांबतो. लय तिथंच मरते. वर्गातल्या सगळ्या तरुण पोरांना हा रोग होता. मला नव्हता. माझी डावी बोटं भलत्याच तारांवर पडायची, सूर फाटके यायचे, पण उजवा हात पहिल्या दिवसापासून घड्याळासारखा. "काकांचा हात बघा," जयसिंग पोरांना म्हणायचा. आणि मी, ज्याला शाळेत कवायतीतसुद्धा बाजूला उभं करायचे, असा मी, आतून फुलून जायचो. ही लय आपल्यात कुठून आली हा प्रश्न मला पडला नाही असं नाही. पडला होता. मी त्याला आत येऊ दिलं नाही.

त्या शनिवारी मात्र तो प्रश्न माझ्याबरोबर चालत घरी आला. रस्त्यानं नेहमीची गर्दी होती, क्लासला निघालेली मुलं, दवाखान्यासमोर ताटकळलेली माणसं, फुटपाथवर चढवलेल्या स्कूटरी, आणि त्यांतून मी गिटार पाठीला लावून चाललो होतो. हात खिशात घातला होता. खिशातही तो गप्प नव्हता. आता तो खाली-वर जात नव्हता. त्याची मूठ मिटत होती, उघडत होती. मिटत होती, उघडत होती. जयसिंग मला दुसऱ्या एका गोष्टीवरून टोकतो ती हीच, तारा छेडायची चपटी पट्टी धरण्याची. "पिक एवढं दाबून नका धरू काका. सैल धरा. तुम्ही दाबताय, सोडताय, दाबताय." मागच्या महिन्यात त्यानं आम्हाला डाव्या हातानं सगळ्या तारा मुक्या करून नुसती लय वाजवायला लावली होती. सूर नाही, फक्त खस्स, खस्स. पोरांना ते कंटाळवाणं वाटलं. मला त्या खोलीतलं काही दिसेनासं झालं होतं. पिठाचा वास जाऊन स्पिरिटचा वास आला होता. तेव्हाही मी स्वतःला सांगितलं की सकाळी नाश्ता न करता आलो, त्यामुळे होतं असं. माणूस स्वतःला काय काय सांगू शकतो, आणि ते ऐकतोही. घरी पोचलो तर हेमा कोथिंबीर निवडत होती. तिनं माझ्याकडे न पाहताच विचारलं, "हात का हलवतोयस?" मी म्हटलं, "सराव." ती म्हणाली, "गिटार पाठीवर आहे."

एक्क्याण्णव साली आईच्या मेंदूत रक्तस्राव झाला. बाबा आधीच गेले होते. दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ श्यामसुंदर, इंदूरला नोकरीला होता. घरात आई आणि मी दोघंच. तिला श्वास घेता येईना म्हणून घशातून नळी घातली. त्या वॉर्डात श्वासाचं यंत्र एकच होतं आणि ते एका लहान मुलीला लावलेलं होतं, त्याबद्दल मला तेव्हाही काही म्हणायचं नव्हतं, आजही नाही. अशा वेळी नातेवाइकांच्या हातात रबरी फुगा देत. नळीच्या तोंडाला काळा फुगा, तो दाबला की हवा आत जाणार, सोडला की बाहेर येणार. एका तरुण डॉक्टरनं मला शिकवलं. "दाबा. सोडा. मनात एक-दोन-तीन म्हणा. परत दाबा. घाई नको, झोप नको." मामा आणि मी आळीपाळीनं बसत होतो. मामांचा हात लवकर दुखायचा, मग मीच जास्त बसू लागलो. मला ते जमलं. खरं सांगायचं तर मला ते आवडलं. आयुष्यात आईसाठी मी काही केलं नव्हतं. ती करत होती आणि मी खात होतो. आता तिचा प्रत्येक श्वास माझ्या मुठीतून जात होता. मी दाबलं की तिची छाती वर यायची, पांघरुणाची घडी उचलली जायची. सोडलं की खाली. दाबायचं, सोडायचं, आणि सोडल्यावर खस्स असा आवाज यायचा. दुपारी तो डॉक्टर आला. त्यानं आईच्या पापण्या उघडून टॉर्च मारली, एका डोळ्यात, मग दुसऱ्या, मग पुन्हा पहिल्या. मानेपाशी बोटं ठेवून उभा राहिला. मला काही बोलला नाही. मामांना खुणेनं बाहेर बोलावलं. मामा जाता जाता माझ्या खांद्यावर थोपटून म्हणाले, "चालू ठेव, श्रीधर."

मी चालू ठेवलं. आजूबाजूचे लोक जेवायला गेले होते, वॉर्डात पंख्यांचा आवाज होता. दवाखान्यात आणल्यापासून आईपाशी मी पहिल्यांदाच एकटा होतो, आणि मला वाटलं, आता सांगून टाकावं. हेमाबद्दल. हेमा माझ्या ऑफिसात होती, माझ्यापेक्षा तीन वर्षांनी मोठी, आणि तिचं एक लग्न मोडलेलं होतं. आमच्या घरात हे उच्चारायचं म्हणजे देव्हाऱ्यात चप्पल घालून जाण्यासारखं होतं. वर्षभर मी रोज ठरवायचो आणि रोज आई समोर ताट ठेवायची की गप्प बसायचो. त्या दुपारी मी बोललो. फुग्याच्या लयीत बोललो. दाबताना गप्प, सोडताना दोन शब्द. काय काय बोललो ते आता मला आठवत नाही. पुष्कळ बोललो एवढं आठवतं. शेवटी तिला विचारलं, आणि तिची पापणी हलली. मी पाहिली ना हलताना! मला इतका आनंद झाला की मी तसाच दाबत बसलो, आणि हात दुखतोय हेसुद्धा मला जाणवलं नाही. मग चहाच्या सुमाराला माझ्या मनगटावर एक हात पडला. मागे वळून पाहिलं तर दादा. प्रवासाचे चुरगळलेले कपडे, खांद्याला पिशवी, दाढी वाढलेली. "पुरे आता," तो म्हणाला. मी म्हटलं, "अरे, पण मामा म्हणाले चालू ठेव." दादा म्हणाला, "पुरे, श्रीधर." मग नळी काढली. पुढच्याच आठवड्यात, डोक्यावरचे केस नुकते उतरवलेले असताना, मी हेमाला सांगितलं: आईला सांगितलंय मी. तिनं ऐकलं. पापणी हलवली. त्या क्षणी ते खरं होतं. माझ्यापुरतं तरी पूर्ण खरं होतं.

तेराव्याला मावशी स्वयंपाकघरात शेजारणीला सांगत होती, आणि मी मागच्या दाराशी हात धूत होतो. शालूमावशी, आईची धाकटी बहीण, आवाज बारीक करून बोलायची आणि तिचा बारीक आवाजच तीन घरं ऐकू जायचा. "अगं, जेवणाच्या वेळेलाच गेली ती. हा आपला चहा होईपर्यंत फुगा दाबत बसलेला. सांगायचं कुणी त्याला?" पाणी हातावरून वाहत राहिलं. मी आत गेलो नाही, मावशीला विचारलं नाही, कुणालाच विचारलं नाही. विचारायची गरज नव्हती; मला आमच्या घरातली रीत माहीत होती. बाहेरगावच्या माणसाला आमच्याकडे मरणाची बातमी कळवत नाहीत. 'प्रकृती गंभीर, निघा' असं कळवतात. बाबा गेले तेव्हा दादाला हीच तार केली होती. दादा धावत आला तो इंदूरच्या कुठल्याशा वैद्याचं चाटण घेऊन, आणि बघतो तर दारात तिरडी बांधून तयार. तेव्हा मी त्याच्या हातातली ती बाटली घेतली होती. त्यामुळे तेराव्याला मावशीचं बोलणं ऐकल्याबरोबर मला सगळा उलगडा झाला. दादा इंदूरहून यायचा होता. या वेळी त्याला आई जिवंत दिसायला हवी होती, निदान तिची छाती हलताना दिसायला हवी होती. म्हणून मला कुणी थांबवलं नाही. थोरल्याच्या दर्शनासाठी धाकट्याला मेलेल्या आईत वारा भरायला बसवलं. हे मी मनात इतक्यांदा म्हटलं की त्याला धार आली. दादाशी मी कधी भांडलो नाही. दिवाळीला फराळ, वाढदिवसाला फोन, आजारपणात डबा, सगळं रीतसर. माझं लग्न त्यानंच पुढं होऊन, वर्षाच्या आत व्हायला हवं म्हणून घाई करून लावून दिलं, त्याबद्दलही मी कधी बोललो नाही. पण त्याचा हात माझ्या मनगटावर पडला होता ती जागा मला अजून दाखवता येईल.

आणि त्याहून वाईट गोष्ट मी कधी हिशेबात घेतलीच नव्हती, किंवा घ्यायची टाळली होती. मी बोललो ते टॉर्चच्या आधी की नंतर? नंतर. मामा बाहेर गेले, मी एकटा उरलो, मग बोललो. म्हणजे आई तेव्हा होती का? हा प्रश्न नुसता माझा असता तर मी तो घेऊन मेलो असतो, काही बिघडलं नसतं. पण हेमा त्या पापणीवर संसार करत आली होती. लग्न झाल्यावर आमच्या घरच्या बायकांनी तिला कमी बोलून घेतलं नाही. हळदीकुंकवाला तिच्यापाशी येऊन ताट पुढं सरकायचं. मावशीनं तर एकदा तोंडावर विचारलं, "तुला या घरात आणलं कुणी?" हेमा शांतपणे म्हणाली, "सासूबाईंनी. त्यांना श्रीधरनं सांगितलं होतं, आणि त्यांनी हो म्हटलं होतं." हे वाक्य मी तिच्या तोंडून किती वेळा ऐकलं असेल! आमच्या मुलीला ती हे गोष्टीसारखं सांगायची. आईच्या फोटोला रोज सकाळी फूल वाहायची ते सुनेचं कर्तव्य म्हणून नव्हे, ओळख असल्यासारखं वाहायची. अशा वेळी मी पेपर उंच धरायचो. पापणी का हलली होती हे मला आता माहीत होतं. मी फुगा दाबत होतो, त्यानं सगळं डोकंच हलत होतं.

पुढच्या शनिवारी मी मुद्दाम लवकर गेलो. जयसिंग एकटाच होता, गिटारीच्या तारा बदलत होता. त्याला म्हटलं, "मला शेवट शिकव." तो हसला नाही. त्यानं गिटार घेतली, एक साधीशी लय धरली, आणि वाजवता वाजवता म्हणाला, "हे बघा, आता शेवटची ओळ. हात तसाच चाललाय. आता एक डाऊन, मोठा, सगळ्या तारांवरनं. आन् झालं. वाजू द्यायचं. तारांना धरायचं नाय." त्याचा हात खाली येऊन मांडीपाशी सैल पडला आणि सूर खोलीत राहिला, खाली गिरणीच्या घरघरीत मिसळून मग नाहीसा झाला. मी प्रयत्न केला. शेवटचा मोठा फटका दिला, आणि हात लगेच वर आला, परत खाली, परत वर. पुन्हा केलं. पुन्हा तेच. मला घाम फुटला. हा शेवटचा, आता थांब, असं मी मनात ओरडत होतो, आणि त्याच वेळी आत काहीतरी म्हणत होतं की थांबलास तर ती मरेल. साठ वर्षांच्या माणसाला पिठाच्या गिरणीवर बसून असं वाटावं! मला लाज वाटली आणि भीती वाटली, दोन्ही एकदमच. जयसिंगनं माझ्या हातातून गिटार काढून घेतली. "काका, तुम्हाला गाणं कुठं संपतंय तेच ठावं नाय," तो म्हणाला. "शेवट आधी ठरवायला लागतो. कुठं संपलं हे डोक्यात पक्कं असंल तरच हात ऐकतो. नायतर तो बिचारा चालतच ऱ्हाणार. त्याची काय चूक?" मी गिटार तिथंच सोडली, स्वारगेटला गेलो आणि सहकारनगरची बस धरली.

दादा निवृत्त होऊन पुण्याला परतला त्याला बरीच वर्षं झाली. मंदाकिनीवहिनी गेल्यापासून तो एकटाच असतो. त्यानं दार उघडलं, मला आपादमस्तक पाहिलं आणि म्हणाला, "न कळवता? कोण गेलं?"

"कुणी नाही."

"मग ये, बस." टेबलावर मटाराच्या शेंगा होत्या. त्या सोलायला तो परत बसला. चार शेंगा माझ्याकडे सरकवल्या. मी त्यांना हात लावला नाही.

"दादा, आई कधी गेली?"

"तारीख विसरलास?"

"तारीख नाही. त्या दिवशी कोणत्या वेळेला."

दादाचा अंगठा शेंगेत अडकून राहिला. "आज आठवलं हे?"

"मला माहीत आहे कधी गेली ते. मावशीच्या तोंडून ऐकलंय मी. तू इंदूरहून यायचा होतास, तुला ती जिवंत दिसावी, म्हणून मला सांगितलं नाही. म्हणून मी तिथं..." एवढी वर्षं घासून ठेवलेलं वाक्य, आणि ऐन वेळी ते अर्ध्यावरच तुटलं.

दादानं चष्मा काढला. चष्म्याशिवाय तो एकदम बाबांसारखा दिसतो. "असं वाटत होतं तुला?"

"मग काय वाटायला हवं होतं?"

"इतकी वर्षं?"

"हो."

"विचारलं का नाहीस?"

"तू सांगितलं का नाहीस?"

"तू विचारलं नाहीस," दादा म्हणाला. आमच्या घराण्याला कुणी दगडात कोरून द्यायचं म्हटलं तर एवढंच वाक्य पुरेल. तो उठला, माठातलं पाणी प्यायला, माझ्यासाठीही आणलं. मग परत बसून, शेंगांकडे बघत बोलू लागला. "मी दुपारीच पोचलो होतो. जिन्यातच मामा आणि तो डॉक्टर भेटले. डॉक्टर म्हणाला, आत्ताच गेल्या. मला काही जिवंत-बिवंत दिसली नाही ती. बाबांच्या वेळी तुम्ही मला गंभीर म्हणून कळवलंत. रात्रभर गाडीत मी देवाशी सौदे करत आलो होतो. ते चाटण आठवतं?"

"बाटली मीच घेतली होती तुझ्या हातातून."

"हां. तेव्हाच मी ठरवलं होतं की असं आपण कुणाला करायचं नाही. म्हणून मामांना म्हटलं, तुम्ही थांबा, श्रीधरला मीच सांगतो. आणि आत आलो."

"मग?"

"तू बोलत होतास."

खाली कुठल्यातरी सोसायटीत भंगारवाला ओरडत होता. दादानं त्याचं ओरडणं संपू दिलं.

"पाठमोरा होतास. फुगा दाबत होतास आणि बोलत होतास. कुणी हेमा आहे म्हणालास. मोठी आहे, पहिलं लग्न मोडलंय, पोळ्या जाड करते. आणि म्हणालास, आई, ती हसली की मला भूक लागते."

"असं म्हणालो मी?"

"असं म्हणालास. एवढं मूर्ख वाक्य मी जन्मात ऐकलं नाही. मग म्हणालास, आई, चालेल ना तुला? आणि तिच्या तोंडाकडे बघत बसलास. उत्तराची वाट बघत." दादाचा आवाज नेहमीसारखाच कोरडा होता, फक्त तो जरा थांबून थांबून येत होता. "आता तूच सांग, त्या वेळी आत येऊन मी काय सांगायचं होतं? बाहेर गेलो, डॉक्टरला म्हटलं, त्याचं बोलणं होऊ द्या. तो भला माणूस होता, हो म्हणाला. बाकावर बसलो. वाटलं, पाच मिनिटांत आटपेल. तू काही थांबेचना."

"मला वाटलं तिनं ऐकलं."

"आईनं नाही ऐकलं, श्रीधर," दादा म्हणाला. "मी ऐकलं. आणि विचारलंस तर उत्तर कुणीतरी द्यायला हवं होतं. ती असती तर काय म्हणाली असती मला ठाऊक नाही. बहुधा नाहीच म्हणाली असती. मी हो म्हटलं. म्हणून वर्षाच्या आत उरकलं." त्यानं चष्मा परत घातला. "चूक केली का?"

मी रडलो. त्याच्या डायनिंग टेबलावर, मटाराच्या टरफलांत कोपर ठेवून, लहान मुलासारखा हमसून रडलो. दादानं मला थोपटलं वगैरे काही नाही. तो शेंगा सोलत राहिला आणि माझं झाल्यावर म्हणाला, "तोंड धू. आणि हेमाला खरं काय ते सांग. तिला लपवाछपवी शोभत नाही आणि तुला जमत नाही."

बसमध्ये उजवा हात अजून मूठ मिटत-उघडत होता. एवढ्यानं काय सुटतंय! मी त्याला मांडीवर ठेवून हलू दिलं. मला हेमाची भीती वाटत होती. ती चिडली असती तर मी सोसलं असतं. पण ज्या वाक्यावर ती या घरात ताठ मानेनं उभी राहिली ते मी काढून घेणार होतो, आणि त्याच्या बदल्यात तिला काय द्यायचं ते माझ्याजवळ नव्हतं. घरी पोचलो तेव्हा ती भाजी परतत होती. मी ओट्यापाशी उभा राहून सगळं सांगितलं. टॉर्च, मावशीचं बोलणं, पापणी का हलली ते, मी गप्प का राहिलो ते, आणि दादा. काही गाळलं नाही. भुकेचं वाक्यसुद्धा सांगितलं. हेमानं गॅस बंद केला. कढईवर झाकण ठेवलं.

"म्हणजे सासूबाईंना मी माहीतच नव्हते," ती म्हणाली.

"नाही."

"आणि तुला हे ठाऊक होतं."

"हो."

तिचा चेहरा मी एवढा उघडा कधी पाहिला नव्हता. एका क्षणात ती पहिल्या वर्षीच्या हळदीकुंकवात एकटी बसलेली मला दिसली. तिनं हात पुसले आणि आतल्या खोलीत गेली. दार लोटलं. मी बाहेर उभा राहिलो. मला वाटलं, संपलं, एका दुपारी मी दोघींनाही घालवलं. कपाट उघडल्याचा आवाज आला. दार उघडलं तेव्हा ती साडी बदलून आली होती. डोळे लाल होते, केस विंचरलेले होते, हातात पर्स होती.

"चल," ती म्हणाली.

"कुठे?"

"सहकारनगरला. दादांना नमस्कार करायचाय."

"अगं, लग्नात केला होतास की."

"तो दिरांना केला होता," हेमा म्हणाली, आणि चपला घालायला लागली.